अक्षयनीवी : सातवाहनांच्या व्यापारी साम्राज्याचा उदय आणि अस्त

जबलपूरकर मराठी माणसाला कोणी विचारले की, ‘तुम्ही या मुलखात केव्हा आलात ?’, तर त्याची उत्तरे ठरलेली असतात. कोणी १७८१ साल सांगतो, कारण त्या वर्षी हा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडे आला. कोणी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाचे नाव घेतो. कोणी १८७० सालाकडे बोट दाखवितो. त्या वर्षी मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपुरात एकमेकांस मिळाले, आणि त्या गाडीने आमच्या-तुमच्यापैकी अनेकांचे आजे-पणजे येथे उतरले. पुढे तोफगाड्यांचा कारखाना, तारखाते आणि सरकारी कचेऱ्या यांनी उरलेल्यांना आणले. ही सारी उत्तरे खरी आहेत. परंतु ज्या वाटेने आपण आलो ती वाट मात्र याहून पुष्कळच जुनी आहे.

सतन्याजवळ भरहुत नावाचे खेडे आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास तेथे एक भव्य बौद्ध स्तूप उभारला गेला. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना त्याचे अवशेष आढळले, तोवर स्तूपाचे बरेचसे बांधकामसाहित्य आसपासच्या वस्त्यांनी नेलेले होते. जे कोरीव स्तंभ आणि कठडे वाचले, त्यांतील बराच भाग पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेण्यात आला. या स्तंभांवर दात्यांची नावे आहेत आणि नावांबरोबर त्यांची गावेही आहेत. एका स्तंभावर लिहिले आहे की, हे दान नाशिकच्या गोरक्षितेचे, वसुकाच्या भार्येचे आहे. दुसऱ्या एका लेखात करहकट नगराच्या निगमाचे, म्हणजे तेथील व्यापारी समुदायाचे, दान नोंदविले आहे. हे करहकट म्हणजे आपले कऱ्हाड होय, असे विद्वान मानतात. विदर्भातील भोजकटच्या एका भिक्षुणीचे नावही तेथे सापडते. आगगाडी नव्हती, डाकबंगले नव्हते, मध्ये सातपुडा आणि विंध्य आडवे पडलेले होते. तरीही नाशिकच्या स्त्रीचे दान इतक्या दूर येऊन पोहोचले. ते कोणत्या वाटेने आले, त्या वाटेवर पुढे कोणते साम्राज्य उभे राहिले, ते कशाने कोसळले आणि कोसळल्यावर मागे काय उरले, याचा थोडक्यात मागोवा या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी घ्यावा, असा आमचा मानस आहे.

दक्षिणापथाची वाट

‘सुत्तनिपात’ या पाली ग्रंथात बावरी नावाच्या एका आचार्याच्या शिष्यांचा प्रवास वर्णिला आहे. गोदातीराकडून निघालेले हे शिष्य प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी असे टप्पे घेत श्रावस्तीकडे जातात. प्रतिष्ठान म्हणजे पैठण. हाच दक्षिणापथाचा राजमार्ग. त्याला ठिकठिकाणी फाटे होते, आणि नर्मदेच्या खोऱ्यातून त्रिपुरीवरून भरहुत-कौशांबीकडे जाणारी वाट ही त्यांतील एक महत्त्वाची वाट होती. कटनी जिल्ह्यातील रूपनाथ येथे अशोकाचा शिलालेख आहे, तो या प्रदेशातील प्राचीन रहदारीचीच साक्ष देतो. कारण वाचणारा जेथे येणारच नाही, तेथे राजा आपली आज्ञा कशाला कोरील?

भेडाघाटला जाताना आपण ज्या तेवर गावावरून जातो, तेच प्राचीन त्रिपुरी. १९३९ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे हे नाव देशभर गाजले. पण इसवी सनापूर्वीच्या शतकांत या नगरीच्या नावाने ब्राह्मी अक्षरांत स्वतंत्र नाणी पाडली जात होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९५२ च्या सुमारास सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेवर येथे उत्खनन केले. या परिसरात सातवाहन राजा श्री सातकर्णी याची नाणी मिळालेली आहेत. आता, नाणे सापडले म्हणजे तेथे राज्य होतेच, असे म्हणता येत नाही. नाणे व्यापाऱ्याच्या कनवटीला लागूनही दूरवर जाते. पण पैठणच्या राजाचे नाणे नर्मदातीरी चालत होते, एवढे त्यावरून निश्चित समजते.

साम्राज्याची उभारणी

सातवाहनांचा उदय पुराणांच्या हिशेबाने पुष्कळ मागे नेता येतो. परंतु नाणी आणि कोरीव लेख पाहून बहुतेक अभ्यासक आज त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास धरतात. सिमुक हा या घराण्याचा पहिला राजा. पुढे सातकर्णी आणि त्याची राणी नागनिका यांच्या काळी या सत्तेला खरे वैभव आले. जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात अश्वमेधादी यज्ञांची आणि हजारोंनी दिलेल्या गाई व कार्षापणांची नोंद आहे. हा लेख राजधानीत न कोरता ऐन घाटमाथ्यावर कोरला, यातच सातवाहनांच्या राज्याचे मर्म आहे. जेथून प्रत्येक तांडा जाणार, तेथेच राजकुलाचे वैभव कोरलेले दिसावे, हा त्यामागील हेतू असावा. त्याच घाटात दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे आणि लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. उत्तरेकडे सांचीपर्यंत हे नाव पोहोचले होते. तेथील दक्षिण तोरणावर राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे दान कोरलेले आहे, आणि त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी कोरीव काम केल्याचीही नोंद आहे.

सह्याद्रीचे घाट, खालची सोपारा-कल्याणसारखी बंदरे आणि वरची पैठण-तेरसारखी पेठेची शहरे, या तिहींचा मेळ ज्याच्या हाती तो दख्खनचा धनी, हे सातवाहनांनी ओळखले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या नाविकांच्या मार्गदर्शिकेत या व्यापाराचे चित्र स्पष्ट उमटले आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे त्यात सांगितले आहे. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांत घालून बिकट वाटांनी बंदरावर येत असे. मोसमी वाऱ्यांचे तंत्र साधल्यामुळे तांबड्या समुद्रातून निघालेली गलबते थेट आपल्या किनाऱ्याला लागत. हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन ग्रंथकार प्लिनी याने करून ठेवली आहे. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेर आणि भोकरदन येथेही मिळाल्या आहेत.

अक्षयनीवी म्हणजे काय ?

परंतु बंदरे, घाट आणि गाड्या एवढ्यानेच व्यापार चालत नाही. आमची नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात जात आली आहे, म्हणून असेल कदाचित, पण या साऱ्या इतिहासात आम्हांस सर्वांत अधिक मोह पडतो तो नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका हिशेबी लेखाचा. हा लेख सातवाहनांचा नव्हे, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात तो कोरविला आहे.

उषवदाताने ४२ व्या वर्षी भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण दिले. ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती ठेवली नाही. गोवर्धन नगरातील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ती ठेव म्हणून दिली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधीही परत मागावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे. अशा ठेवीला लेखात ‘अखयनीवि’, म्हणजे अक्षयनीवी, असा शब्द आहे. २,००० वरील वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते, आणि पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत, असे लेखात म्हटले आहे. विसाला बाराने गुणा; २४० च येतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या हिशेबावर आजच्या लेखापरीक्षकालाही आक्षेप घेता यावयाचा नाही ! शिवाय ही देणगी निगमसभेत वाचून दाखविली गेली आणि रीतीप्रमाणे दप्तरात नोंदविली गेली, असेही लेखात नमूद आहे.

या व्याजदराचे महत्त्व ध्यानात घ्यावे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त दरमहा शेकडा सव्वा पण हा धर्म्य दर सांगितला असून व्यापाऱ्यांस पाच, रानावनातून जाणाऱ्यांस दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांस वीसपर्यंत व्याज सांगितले आहे. जेथे जोखीम अधिक तेथे व्याज अधिक, हा नियम आजचाच आहे. गोवर्धनच्या कोष्ट्यांना एक आणि पाऊण टक्क्याने पैसा मिळत होता, याचा अर्थ त्यांची पत उत्तम होती. एका राज्यकर्त्याचा जावई आपले दान कोष्ट्यांच्या हवाली निर्धास्तपणे करतो, ही गोष्ट त्या काळच्या समाजाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. आमच्या मते या साम्राज्याचा पाया तरवारीइतकाच या पतीवर, या विश्वासावर रचलेला होता.

युद्धाची किंमत

आणि हा पाया पोखरण्यास सुरुवातही याच काळात झाली. बंदरांच्या जकातीसाठी सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात जी चुरस लागली, तिचे पडसाद ‘पेरिप्लस’मध्येच उमटले आहेत. पूर्वी कल्याण हे खुले आणि कायदेशीर बंदर होते. पुढे सत्ता बदलली, त्याची नाकेबंदी झाली आणि तेथे चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो नाविक लिहितो. एकाचे बंदर ओस पाडून दुसऱ्याचे बंदर भरावे, असा हा खेळ होता.

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पुरता बीमोड केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. त्याची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या राज्यात कोरविलेल्या नाशिकच्या लेखात, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्राशन केले असा आपला पुत्र, असे त्याचे वर्णन केले आहे. आपण शाळेत हा भाग अभिमानाने शिकलो. पण त्याच लेण्यात आणखी एक लेख आहे, तो शाळेत कोणी सांगत नाही.

राज्याच्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने भिक्षूंना कखडी गावातील शेत दिले. पूर्वी ते उषवदाताकडे होते. पुढे २४ व्या वर्षी राजाने आणि राजमातेने गोवर्धनच्या अधिकाऱ्यास दुसरा हुकूम पाठविला. त्यात म्हटले आहे की, ते शेत कोणी कसत नाही आणि ते गाव वसत नाही. सबब नगराच्या सीमेवरील सरकारी जमिनीपैकी शंभर निवर्तने त्या भिक्षूंना द्यावी. कचेरीच्या कोरड्या भाषेतील हे एक वाक्य आम्हांस मोठ्या प्रशस्तीहून अधिक बोलके वाटते. गाव का उठले, ते लेखात सांगितलेले नाही. पण ज्या मुलखावर नुकताच दोन सत्तांचा झगडा होऊन गेला, त्या मुलखातले ते गाव होते. विजय झाला होता, पण शेत पडीक होते.

पुढे महाक्षत्रप रुद्रदामन याने दक्षिणापथाच्या सातकर्णीचा दोनदा पराभव केला आणि जवळचा नातेसंबंध म्हणून त्याला नष्ट मात्र केले नाही, असे तो आपल्या १५० सालच्या जुनागढच्या लेखात सांगतो. माळवा आणि अपरान्त हातचे गेले आणि राज्याचा भार पूर्वेकडे कृष्णा-गोदावरीच्या मुखांकडे सरकला. यज्ञश्री सातकर्णीने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पुन्हा एकवार उचल खाल्ली. त्याचे लेख नाशिक, कान्हेरी आणि आंध्रातील चिन्न गंजाम अशा दूरदूरच्या ठिकाणी मिळतात. पूर्व किनाऱ्यावर सापडणारी, दोन डोलकाठ्यांच्या गलबताची नाणी ही या उत्तरकालीन सातवाहनांचीच होत. दिवा विझण्यापूर्वीची ती शेवटची झळाळी होती. त्यानंतर महारठी, महाभोज, महासेनापती अशा सरदारांच्या हाती गेलेली सत्ता एकत्र राहू शकली नाही. १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे दीड हजारांच्या आसपास सातवाहन नाण्यांचा साठा मिळाला, त्यात कुंभ, कर्ण, शक अशी एरवी पुराणांनाही अपरिचित असलेली राजनामे आहेत. मुख्य घराण्याची शकले झाल्याचेच ते चिन्ह होय. तिकडे रोमचे साम्राज्यही तिसऱ्या शतकात यादवीने आणि हलक्या चांदीच्या नाण्यांनी खिळखिळे झाले आणि पश्चिमेचे गिऱ्हाईक आटले. बंदर, घाट आणि पेठ यांचा मेळ तुटला. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात सातवाहनांचे नाव इतिहासाच्या रंगभूमीवरून नाहीसे झाले.

मागे काय उरले ?

नाशिकला आता आभीरांचे राज्य आले. आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या एका शक स्त्रीने पांडवलेण्यांत लेख कोरविला. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिने अक्षयनीवी ठेवली, आणि तीही कुंभार, तेली इत्यादींच्या श्रेणींकडे ! क्षहरात गेले, सातवाहन गेले, आभीर आले. पण गोवर्धनच्या कारागिरांकडे ठेव ठेवण्याची रीत मोडली नव्हती. राज्ये बदलली तरी पत टिकली होती. ज्या दिवशी तीही संपली, त्या दिवशी त्या वैभवाचा खरा अंत झाला, असे आम्ही समजतो.

आणि येथेच हा इतिहास पुन्हा जबलपूरकडे वळतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा जन्म कोकणातला, पण कर्मभूमी नागपूर. त्यांनी कलचुरी-चेदी संवताच्या कोरीव लेखांचा जो बृहद्ग्रंथ १९५५ साली सिद्ध केला, त्यात या संवताचा आरंभ इ. स. २४८-४९ च्या सुमारास याच आभीर ईश्वरसेनाने केला, असे प्रतिपादिले आहे. सातवाहनांच्या अस्तानंतर सुरू झालेली ही कालगणना कोकण, गुजरात आणि माहिष्मती अशी फिरत अखेर त्रिपुरीच्या कलचुरींनी आपलीशी केली. भेडाघाटला अल्हणदेवीने बांधविलेल्या शिवमंदिराचा जो लेख आहे, त्यावरील वर्ष ९०७ म्हणजे इ. स. ११५५. हा आकडा ज्या संवताचा आहे, तो मिराशींच्या मते नाशिककडूनच निघाला होता. आपल्या घरी पाडव्याला आपण ‘शालिवाहन शके’ म्हणतो, त्यातही अशीच गंमत आहे. तो शक सातवाहनांच्या शत्रूंच्या वापरातला, पण लोकांनी त्याला नाव दिले ते सातवाहनांचे. भारत सरकारने १९५७ साली तो राष्ट्रीय पंचांगासाठी स्वीकारला. जेत्याचा संवत आणि जिताचे नाव, असा समेट लोकस्मृतीनेच करून टाकला.

याहूनही मोठा वारसा भाषेचा. सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि तिच्यात राजांच्या स्वाऱ्यांपेक्षा गोदाकाठच्या खेड्यांतील सुखदुःखेच अधिक आहेत. त्याच प्राकृताच्या वंशातली आपली मराठी. नाशिकची गोरक्षिता आज भेटली तर तिची बोली आपल्याला समजणार नाही. तरी तिला मराठी म्हणण्याचा आग्रह न धरताही ती आपल्याच वाटेवरची आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

वाचकहो, स्मरणिकांतून पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे गाण्याची रीत आहे. आम्ही ती थोडी बाजूस ठेवली, ती हेतुपुरस्सर. तीन समुद्रांचे पाणी प्यालेले घोडे गेले. उरली ती गोवर्धनच्या कोष्ट्यांची चोख नोंद आणि परगावी दान देताना आपल्या गावाचे नाव विसरू न देणाऱ्या सामान्य स्त्री-पुरुषांची अक्षरे. आपले मंडळही पन्नास वर्षे अशाच सामान्य माणसांच्या बळावर चालत आले आहे. कोणी वर्गणी दिली, कोणी गणेशोत्सवात सतरंज्या घातल्या, कोणी पुस्तकांच्या नोंदी ठेवल्या. आज आपली मुले पुण्यास, बंगळूरला, परदेशी जात आहेत आणि कार्यक्रमांतील रिकाम्या खुर्च्या दर वर्षी वाढत आहेत, ही चिंता कार्यकारिणीपुरती नाही. ती आपल्या सर्वांची आहे. मंडळाचा कायम निधी बँकेत सुरक्षित आहे, पण मुद्दल सुरक्षित असणे वेगळे आणि त्याचे व्याज घेणारा कोणी असणे वेगळे. कखडीच्या शेताची गोष्ट आपण विसरू नये. दानपत्र शाबूत होते, पण गाव वसत नव्हते.

म्हणून आमची एकच विनंती आहे. मंडळाच्या दप्तरात प्रत्येक सभासदाच्या नावापुढे त्याच्या मूळ गावाचे नाव लिहावे, आणि ते त्याच्या मुलाने किंवा नातवाने स्वतःच्या हाताने मराठीत लिहावे. पन्नास वर्षांनी कोणी ते दप्तर उघडले, तर भरहुतचा स्तंभ वाचताना आम्हांस जो आनंद झाला, तोच त्याला व्हावा. आपल्याला ठेवता येण्याजोगी अक्षयनीवी ती हीच.